यशाचे वतन नसते

एखादा संघ एखाद्या वर्षी अजिंक्य ठरावा, यात नवल करण्यासारखे फारसे काही नसते. दोन असामान्य खेळाडू एकाच वेळी लाभल्या, प्रतिस्पर्धी संघातील प्रमुख खेळाडू दुखापतीने घरी बसली, निर्णायक क्षणी चेंडू कड्यावर घोटाळून अखेर आतच पडला, म्हणजे विजयश्री कोणाच्याही उंबरठ्यावर येऊन उभी राहते. आणि तिच्या त्या आकस्मिक भेटीला स्वतःच्या कर्तृत्वाचे नाव देण्याचा मोह मनुष्यस्वभावाला सहसा आवरत नाही. विचाराचा विषय निराळाच आहे. एकच व्यक्ती, एकाच ठिकाणी, तीस-तीस, चाळीस-चाळीस वर्षे, सतत बदलत जाणाऱ्या मंडळींना हाताशी धरून जिंकत राहते, तेव्हा दैवाचा हिशेब केव्हाच चुकता झालेला असतो आणि उरलेल्या बाकीचे कारण आपल्याला अन्यत्र शोधावे लागते.

अमेरिकेतील महाविद्यालयीन महिला बास्केटबॉलच्या दफ्तरात अशा प्रशिक्षकांची एक लहानशी परंतु विलक्षण मालिका नोंदलेली आहे. टेनेसी विद्यापीठाच्या पॅट समिट यांनी १९७४ ते २०१२ या अडतीस हंगामांत १०९८ सामने जिंकले, २०८ हरले, आठ राष्ट्रीय अजिंक्यपदे मिळवली आणि एकही हंगाम असा जाऊ दिला नाही की ज्यात पराभवांची संख्या विजयांहून अधिक झाली. इटलीत जन्मून वयाच्या सातव्या वर्षी अमेरिकेत आलेले जीनो ऑरिएमा १९८५ साली कनेटिकट विद्यापीठात रुजू झाले आणि १९९५ ते २०२५ या काळात त्यांच्या संघाने बारा अजिंक्यपदे पटकावली. स्टॅनफर्डच्या टारा व्हॅनडरव्हीर २०२४ साली निवृत्त झाल्या तेव्हा त्यांच्या नावावर १२१६ विजय होते. साऊथ कॅरोलायनाच्या डॉन स्टेली यांनी २०१७, २०२२ आणि २०२४ अशी तीन अजिंक्यपदे त्यांच्या पाठोपाठ मिळवली. ही माणसे स्वभावाने, वळणाने, बोलण्याचालण्याने एकमेकांपासून अगदी भिन्न आहेत. मग त्यांच्यात समान असे काय आहे?

या प्रश्नाचे उत्तर शोधण्यापूर्वी ज्या संस्थेत ही माणसे वावरतात तिचे स्वरूप ध्यानात घेतले पाहिजे. महाविद्यालयाचा संघ ही मोठी चमत्कारिक चीज आहे. जी खेळाडू सर्वांत जाणती, जिच्यावर सर्वांत अधिक मेहनत घेतलेली, जी प्रशिक्षकाच्या नुसत्या नजरेवरून डाव ओळखते, तिलाच पदवी घेऊन दरसाल निरोप द्यावा लागतो आणि तिच्या जागी अठरा वर्षांची, घर प्रथमच सोडून आलेली, आपल्या गावात आपल्यासारखे कोणी नाही या समजुतीत वाढलेली एक मुलगी येऊन उभी राहते. ज्या सरदाराच्या पलटणीतील सर्वांत कसलेले शिपाई दरवर्षी ठरलेल्या तिथीला रजा घेऊन जातात, त्याने लढाया जिंकत राहाव्यात कशा?

याचे एक उत्तर रचनेतच दडलेले आहे आणि ते बहुधा दुर्लक्षिले जाते. पुरुषांच्या खेळात असामान्य मुलगा महाविद्यालयात एखादे वर्ष काढतो आणि व्यावसायिक संघाच्या मोठ्या वेतनाकडे निघून जातो. स्त्रियांसाठी अमेरिकेत टिकाऊ अशी व्यावसायिक स्पर्धा १९९७ साली सुरू झाली, आणि तिच्याही नियमानुसार अमेरिकन खेळाडूला पदवी तरी हवी किंवा बाविसाव्या वर्षाचा उंबरठा तरी. त्यामुळे महिला संघाच्या प्रशिक्षकाला पिढ्यानुपिढ्या पूर्ण चार वर्षांची मुदत मिळत आली. पहिल्या वर्षाची मुलगी चौथ्या वर्षाच्या मुलीशेजारी सराव करते. तिचे पाहून बचावात गुडघे वाकवायला शिकते, चुकल्यावर मान खाली न घालता परत धावायला शिकते. आणि तीन वर्षांनी तीच विद्या, एक शब्दही न बोलता, पुढच्या मुलीच्या हाती देते. आपल्याकडे तालमीत नवा पोरगा जितके वस्तादाकडून शिकतो त्याहून अधिक त्याच्या वरच्या पठ्ठ्यांकडून शिकतो, तसाच हा प्रकार. परंतु मुदत सर्वांनाच मिळाली होती आणि तिचे सोने करणारे मोजकेच निघाले, हे विसरून चालणार नाही.

सर्वसाधारण प्रेक्षकाला विचारले तर तो एका वाक्यात निकाल देतो: ज्यांच्याकडे उत्तम खेळाडू येतात ते जिंकतात. या मतात तथ्य नाही असे कोण म्हणेल? उंची शिकवता येत नाही, हा प्रशिक्षकांच्या बैठकीतला जुनाच सिद्धांत आहे. परंतु हे स्पष्टीकरण वर्तुळाकार आहे. उत्तम खेळाडू येतात म्हणून संघ जिंकतो हे मान्य केले, तरी उत्तम खेळाडू तिथेच का येतात, हा प्रश्न जागच्या जागी उरतो. ऑरिएमा कनेटिकटला आले त्यापूर्वी तेथील महिला संघाने आपल्या साऱ्या इतिहासात एकाच हंगामात पराभवांहून अधिक विजय पाहिले होते, आणि त्यांच्या पहिल्या वर्षीही बारा विजयांसमोर पंधरा पराभव लागले. स्टेली २००८ साली साऊथ कॅरोलायनात आल्या तेव्हा पहिला हंगाम दहा विजय आणि अठरा पराभव असा गेला. त्या वर्षांत कोणती नामांकित मुलगी त्यांच्या दारी रांग लावून उभी होती?

भरतीच्या बाबतीत समिटबाईंची एक हकीकत तर दंतकथेच्या योग्यतेची आहे. १९९० च्या सप्टेंबरात, दिवस भरत आलेले असताना, त्या मिशेल मार्सिनियाक नावाच्या एका शाळकरी खेळाडूच्या घरी पेनसिल्व्हेनियात गेल्या. तेथेच प्रसूतीची चिन्हे दिसू लागली. परतीच्या वाटेवर व्हर्जिनियात विमान उतरवण्याची तजवीज सुचवण्यात आली, ती त्यांनी नाकारली आणि मूल टेनेसीतच जन्माला घातले. व्हर्जिनियाच्या संघाने त्याच वर्षी त्यांना स्पर्धेबाहेर घालवले होते, हेही त्या नकारामागे होते असे सांगतात. गोष्ट सांगणारे येथे थांबतात आणि केवढी ही जिद्द, म्हणून माना डोलावतात. पण गोष्टीचा खरा मासला पुढे आहे. ती मुलगी एवढे सारे होऊनही दुसऱ्याच विद्यापीठात गेली. एका वर्षाने तेथून ती आपण होऊन टेनेसीला आली आणि १९९६ च्या अजिंक्यपदात अंतिम टप्प्यातील सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरली. जे काम विमानप्रवासाला साधले नाही ते कशाने साधले असेल? मुलीला तेथे काहीतरी दिसले असले पाहिजे, जे आमिषाच्या भाषेत सांगता येत नाही. भरती हे फळ आहे. बीज निराळे आहे.

दुसरे मत कठोर शिस्तीचे. समिटबाईंची थंड, रोखलेली नजर प्रसिद्ध होती. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचे, विनाकारण तास बुडवायचा नाही, बुडवला तर सामना बाकावरून पाहायचा, असा त्यांचा शिरस्ता होता. शेतावर तीन थोरल्या भावांच्या बरोबरीने राबून वाढलेल्या या मुलीला कष्टाविषयी कोणतीही भावुकता नव्हती. परंतु धाक हे भांडवल असे आहे की ते वापरावे तसे संपत जाते. पहिल्या वर्षी मुली भितात, दुसऱ्या वर्षी भिण्याची सवय होते, तिसऱ्या वर्षी ती नजर हा थट्टेचा विषय होतो. केवळ धाकावर अंमल चालवणारे प्रशिक्षक एखादे अजिंक्यपद जिंकतातही. पाच-सात वर्षांत मात्र त्यांचा डोलारा खचतो, कारण गेलेली खेळाडू येणाऱ्या खेळाडूला काय सांगते, यावर त्यांची हुकूमत चालत नाही. समिटबाईंच्या नियमांत धाकाहून निराळे काही होते. ज्या खेळाडूंनी त्यांच्याकडे खेळण्याची मुदत पुरी केली त्या सर्व पदवीधर झाल्या. तास बुडवू नये हा नियम मुलीच्या हिताचा आहे हे तिला पहिल्या वर्षी पटत नसेल, पण चौथ्या वर्षी पटत होते, आणि जो नियम ज्याच्यावर लादला त्यालाच कालांतराने आपला वाटू लागतो तो नियम राहत नाही, रीत होते.

येथे मला जे म्हणायचे आहे त्याच्या जवळ आपण येतो. थोर प्रशिक्षक दोन गोष्टींत भेद करतात, ज्यांची सामान्य प्रशिक्षक गल्लत करतात: मानदंड आणि पद्धत. सामान्य प्रशिक्षकाची पद्धत ठाम असते आणि मानदंड लवचीक. ज्या डावपेचांनी तो एकदा जिंकला त्यांना तो जन्मभर कवटाळून बसतो, आणि सर्वांत गुणी खेळाडूने आळस केला तर मात्र कानाडोळा करतो. थोर प्रशिक्षक याच्या नेमके उलट वागतात. १९९६-९७ साली टेनेसीचा संघ हंगामात दहा वेळा हरला आणि तरीही अखेरीस अजिंक्यपद घेऊन आला. पुढच्याच वर्षी चमीक होल्डस्क्लॉ हिच्या जोडीला टमिका कॅचिंग्ज आणि सेमेका रँडल या नवख्या मुली आल्या, तेव्हा संघाने सारे मैदान व्यापणारा वेगवान खेळ केला आणि एकोणचाळीस सामन्यांत एकही पराभव पाहिला नाही. दोन्ही संघांत खेळाच्या चालीचे साम्य थोडे होते. रिबाउंडसाठी उडी कोण घेणार, जमिनीवरच्या चेंडूवर झेप कोण टाकणार, या प्रश्नांची उत्तरे मात्र दोन्ही वर्षी तीच होती.

मानदंड हा शब्द मोठा आहे. प्रत्यक्षात तो क्षुल्लक दिसणाऱ्या गोष्टींत राहतो. ऑरिएमा यांनी एकदा पत्रकारांसमोर सांगितले की बाकावर बसलेली मुलगी सहकाऱ्यांच्या यशात रमलेली दिसत नसेल तर ती खेळणार नाही, आणि तसे करताना सामना हरावा लागला तरी आपली हरकत नाही. हे उद्गार अनेकांना अतिशयोक्तीचे वाटले. मला त्यात अनुभवाचे शहाणपण दिसते. बाकावरची मुलगी आज खेळत नाही, पण दोन वर्षांनी तीच संघाची वडीलधारी होणार असते. तिची आजची वृत्ती ही उद्याच्या संघाची वृत्ती आहे. ज्याला फक्त आजचा सामना जिंकायचा आहे तो मैदानातल्या पाच जणींकडे पाहतो. ज्याला पुढची वीस वर्षे जिंकायचे आहे तो बाकाकडे पाहतो.

सरावाची गोष्टही अशीच. टेनेसी, कनेटिकट आणि पुढे इतरही अनेक ठिकाणी महिला संघाचा सराव विद्यापीठातील पुरुष विद्यार्थ्यांशी खेळवण्याचा रिवाज पडला. ही मुले कोणत्याही संघात नसतात, त्यांना टाळ्या मिळत नाहीत, पण ती उंच, वेगवान आणि दांडगी असतात. ज्या मुलीने मंगळवारी आपल्याहून वरचढ देहयष्टीच्या तरुणाला अडवले तिला शनिवारच्या सामन्यात नवे असे काय भेटणार? सामन्यापेक्षा सराव अवघड असावा, हे तत्त्व बोलायला सोपे आहे. वर्षामागून वर्षे, जिंकत असतानाही, ते ढिले पडू न देणे ही खरी तपश्चर्या होय. आणि ती एकट्याने होत नाही. ख्रिस डेली १९८५ मध्ये ऑरिएमा यांच्याबरोबर कनेटिकटला आल्या आणि चार दशके त्यांच्या उजव्या हाताप्रमाणे राहिल्या. हॉली वॉरलिक आधी समिटबाईंच्या खेळाडू होत्या, मग सव्वीस-सत्तावीस वर्षे सहायक. खेळाडू बदलत असताना त्यांना घडवणारे हात तेच राहिले, हे या मंडळींच्या सातत्याचे एक अत्यंत गद्य परंतु अत्यंत बळकट कारण आहे.

कोणी म्हणेल, हे सारे विजेत्यांच्या चरित्रांतून मागाहून वेचलेले गुण आहेत. हीच तत्त्वे पाळून हरलेल्या प्रशिक्षकांची नावे कोणाला ठाऊक आहेत? आक्षेप रास्त आहे. टेनेसीने महिला क्रीडेचा कारभार अनेक दशके पुरुषांच्या विभागापासून स्वतंत्र ठेवला आणि त्याला स्वतःचा खजिना व स्वतःचे अधिकारी दिले, तेव्हा शिक्षणात स्त्री-पुरुष भेदास मनाई करणारा १९७२ चा कायदा इतर ठिकाणी कागदावरच होता. बाईंचा पहिला पगार महिना अडीचशे डॉलर होता, संघाचे कपडे त्या स्वतः धूत आणि गाडीही स्वतः हाकत, हे खरे. पण ज्या थोड्या संस्थांनी लवकर जागे होऊन पैसा आणि मान दिला त्यांत टेनेसी होती, हेही तितकेच खरे. प्रशिक्षकाची थोरवी मोकळ्या माळावर उगवत नाही. परंतु पैसा नंतर सर्वांनीच दिला, आणि तरीही सर्वच जिंकले नाहीत.

याहून बिकट आक्षेप दुसरा आहे. मी म्हणतो की या माणसांनी संघ नव्हे, रीत उभी केली. तसे असेल तर ती रीत त्यांच्यामागे का टिकली नाही? समिटबाई २०१२ साली निवृत्त झाल्या. गादीवर त्यांच्याच हाताखाली घडलेल्या हॉली वॉरलिक आल्या, त्यानंतर त्यांच्याच तीन अजिंक्यपदांची साक्षीदार असलेली खेळाडू केली हार्पर आली. मैदान तेच, नारिंगी रंग तोच, प्रेक्षकही तेच. आणि निवृत्तीनंतरच्या दहा वर्षांत टेनेसीचा संघ एकदाही राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम चौघांत पोचला नाही.

या आक्षेपाने माझे मत खोडले जात नाही, पण त्याला मर्यादा मात्र पडते, आणि ती मर्यादाच या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट आहे असे मला वाटते. रीत म्हणजे वतन नव्हे. वतनाची सनद एकदा हाती पडली की पिढ्या बसून खातात. येथे तसे होत नाही. येथला हक्क हा दरसालच्या मक्त्यासारखा आहे: वर्ष सरले की रक्कम नव्याने भरायची, आणि गेल्या वर्षी किती भरली होती याची दाद कोणी घेत नाही. २०१६ साली कनेटिकटने मिसिसिपी स्टेटला साठ गुणांनी धूळ चारली. एका वर्षाने, सलग एकशे अकरा सामने जिंकून आलेला तोच कनेटिकटचा संघ त्याच मिसिसिपी स्टेटकडून जादा वेळेतील शेवटच्या फेकीवर हरला. त्यानंतर ऑरिएमा यांना पुढील अजिंक्यपदासाठी २०२५ पर्यंत वाट पाहावी लागली. २०२० साली देशातील सर्वाधिक नावाजलेली नवोदित पेज ब्युकर्स त्यांच्याकडे आली. गुडघ्याच्या दुखापतीने तिचा एक अख्खा हंगाम गेला. आणि अजिंक्यपद तिच्या हाती आले ते अगदी शेवटच्या वर्षी. व्हॅनडरव्हीर यांच्या १९९२ च्या आणि २०२१ च्या अजिंक्यपदांमध्ये एकोणतीस वर्षांचे अंतर आहे. या रिकाम्या वर्षांत त्या दोघांनी जे केले त्यातच त्यांच्या सातत्याचे मर्म आहे: मक्ता ते दरसाल भरत राहिले. विजय हा त्याचा कधी मिळणारा, कधी न मिळणारा परतावा.

आज तो मक्ताही महाग झाला आहे. २०२१ पासून खेळाडूंना आपल्या नावाचा मोबदला घेता येऊ लागला आणि एक विद्यापीठ सोडून दुसरीकडे जाऊन लगेच खेळण्याची मोकळीक मिळाली. ही मोकळीक न्याय्यच आहे. ज्यांच्या घामावर प्रेक्षागारे भरतात त्यांनाच उपाशी ठेवणे यात नैतिकता ती कसली? परंतु ज्या चार वर्षांच्या सहवासावर सारी विद्या उभी होती त्याचा पाया हलला, हे नाकारता येणार नाही. तरीही स्टेली यांच्या संघातून २०२३ च्या हंगामानंतर सुरुवातीला उतरणाऱ्या पाचही जणी गेल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांचा संघ अडतीस सामन्यांत अपराजित राहिला. बाकावर बसून ज्या वाट पाहत होत्या त्या कशा बसल्या होत्या, याचे उत्तर त्या अडतीस सामन्यांनी दिले.

मग या माणसांचे धन जाते कोठे, जर ते संस्थेच्या तिजोरीत राहत नाही? ते माणसांतून माणसांत जाते, आणि पुष्कळदा विद्यापीठाच्या कुंपणाबाहेर जाते. स्टेली १९९६ च्या ऑलिंपिकमध्ये व्हॅनडरव्हीर यांच्या हाताखाली खेळल्या. कॅरोलिन पेक टेनेसीत समिटबाईंच्या सहायक होत्या. १९९९ साली परड्यू विद्यापीठाला अजिंक्यपद मिळवून देताना तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षक ठरल्या. विजयानंतर कापलेल्या जाळीचा एक तुकडा त्यांनी पुढे स्टेलींना दिला. आणि स्टेली स्वतः जिंकल्या तेव्हा त्यांनी आपल्या जाळीचे तुकडे देशभरातील कृष्णवर्णीय महिला प्रशिक्षकांकडे धाडले. सनदेसारखे दिसणारे हे सुताचे तुकडे. पण त्यांनी कोणाला काहीही बहाल होत नाही. ते केवळ एक मागणे आहे.

ऑगस्ट २०११ मध्ये, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, समिटबाईंनी जाहीर केले की आपल्याला स्मृतिभ्रंशाचा विकार जडला आहे. एक हंगाम त्या तरीही बाकावर बसल्या. सूचना आता बहुतांशी सहायक देत. ज्या हातांना त्यांनी पंचवीस वर्षे घडवले होते ते हात त्यांच्या वतीने आठवत होते. मार्च २०१२ मध्ये त्या अखेरचा सामना हरल्या, तो त्या वर्षी चाळीसच्या चाळीस सामने जिंकलेल्या बेलर विद्यापीठाकडून. बेलरच्या प्रशिक्षक होत्या किम मल्की, १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक जिंकलेल्या संघातील खेळाडू. आणि त्या संघाच्या प्रशिक्षक होत्या पॅट समिट. सर्वांकडून विजय इच्छावा, शिष्याकडून मात्र पराजय इच्छावा, असे आपल्या जुन्या लोकांनी म्हणून ठेवले आहे. बाईंनी त्या दिवशी तसे इच्छिले असेल असे त्यांचा स्वभाव ओळखणारा कोणी म्हणणार नाही. दोनशे आठवा पराभव त्यांच्या नावे नोंदला गेला, आणि पुढच्या वर्षाचा मक्ता भरण्यास त्यांच्याच तालमीत घडलेली माणसे ठिकठिकाणी उभी होती.